रकाना क्रमांक नऊ

गोरेवाड्याच्या रस्त्यावर, पाण्याच्या टाकीमागे
एकवीस बाभळी. दोनदा मोजल्या.
एप्रिल संपत आलेला, सकाळचे दहा,
डोक्याला ओढणी घट्ट, डब्यात पांढरा रंग,
आणि ठेकेदाराने दिलेला वृक्षगणनेचा फॉर्म.

रकाना चार: जात.
नुसतं बाभूळ लिहू नका, असं बजावलंय.
रामकाठी सरळ वर जाते, मूठ आवळल्यासारखी.
वेडी बाभूळ तर बाभूळच नाही,
बाहेरून आली, नाव घेतलं आणि राहिली.
या एकवीस मात्र ऐसपैस,
काड्या मोडलेल्या छत्र्या;
यांच्या सावलीलाही भोकं.

रकाना पाच: घेर.
टेप सालीत अडकतो. काळी साल, उभ्या भेगा,
चामडं कमावून कमावून
स्वतःच चामडं झालेल्या हातासारखी.

रकाना सात: पक्षी.
सुगरणीची अकरा घरटी, गेल्या पावसातली, रिकामी.
एका काट्यावर टोचून ठेवलेला नाकतोडा,
खाटकाचं उद्याचं जेवण.
त्याला रकाना नाही.

तेवढ्यात चपलेतून आरपार.
पांढरा, बोटभर, सरळ टाचेत.
"हलू नको बाई," म्हणत पैकूजी आले,
आकडी खाली ठेवली, वरचा एक काटा मोडला
आणि काट्याने काटा काढला.
म्हण वापरताना मी कधी
टाच पुढे केली नव्हती.

"काहून मोजून रायली ओ? हे का कोनं लावले?
बकऱ्यायनं लावले. शेंगा खाल्ल्या,
लेंड्या टाकल्या, पानी आलं, झालं."
आकडीने त्यांनी फांदी हलवली,
राखाडी मण्यांच्या माळा तुटून पडल्या,
बकऱ्या धावल्या, कुडकुड, कुडकुड.
दगडासारखं बी,
पोटातून गेलं की मऊ पडतं म्हणे.

रकाना आठ: लागवड कोणी केली.
मी लिहिलं, बकऱ्या.
मग खोडून लिहिलं, स्वयंभू,
देवळाबद्दल लिहितात तसं.

रकाना नऊ: रोग अथवा इजा.
सतराव्या झाडाला कुऱ्हाडीचा घाव,
घावातून काहीतरी ओघळून थिजलेलं, तांबूस.
लिहायला घेतलं, स्राव आहे, बुंधा ना...
"रोग लिवला का?" पैकूजी हसायलाच लागले.
नखाने एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला.
"डिंक हाय थो. तुमच्याकडं
बाळंतिनीले देत नाई का?"

देतात. आठ महिन्यांपूर्वी मला दिला.
मावशीने तुपात एकेक खडा सोडला,
तो फुलून पांढरा झाला, फटकन,
मग खारीक, खोबरं, खसखस,
रोज सकाळी एक लाडू, चहाच्या आधी.
टाके ओढत होते, मी चावत होते.
डिंक येतो कुठून, विचारलं नव्हतं.
इतवारीतून येतो, एवढं माहीत होतं.

खडा जिभेवर ठेवला. चव अशी काही नाही.
दाताला चिकटला, दुपारभर राहिला.
रकाना नऊ कोरा सोडला.

भादव्यात पडताळणीला गेले, मुलगी कडेवर.
झाडं पिवळी झालेली, सगळीकडे हळदीचे बारके गोळे,
घरटी नवी, हिरवी, आत भांडणं चाललेली.
माझे आकडे सालीने ताणून फाडलेले:
सतरातला एक या भेगेत, सात त्या.
पैकूजी दिसले नाहीत. बकऱ्यांमागे एक पोरगा होता,
फोनवर बोलत.

मुलीने फुल ओढलं, मुठीत चुरडलं,
नाकाला पिवळं लागलं. काटा नाही लागला,
मीच पूर्ण वेळ तिचं मनगट धरून होते.

परतताना खाली पाहिलं.
लेंड्यांच्या ढिगातून वीतभर काहीतरी वर,
चिमूटभर पानं, आणि काटे आधीच तयार.
दहा सेंटीमीटर घेराखालचं झाड
गणनेत धरायचं नाही.
टेप काढला नाही.
चपला सांभाळत बाजूने गेले.